वाघोबापुढचे कोयते

मी फारशी बोलणारी बाई नाही. फोटो काढणाऱ्याला बोलावं लागतही नाही. ‘हनुवटी जरा खाली’, ‘खांदे सैल’, ‘डोळे मिटू नका’ एवढ्यावर माझं अख्खं वर्ष निघतं. रोह्याच्या बाजारपेठेत आमचा स्टुडिओ आहे. सासऱ्यांनी सुरू केलेला. नवऱ्याला त्यात गोडी नव्हती, त्याने बाजूला झेरॉक्सचं मशीन टाकलं आणि कॅमेरा माझ्या गळ्यात आला. मला ते आवडलं, अजून आवडतं. सकाळी शटर वर करायचं, उदबत्ती लावायची, मागच्या निळ्या पडद्याच्या सुरकुत्या हाताने सारख्या करायच्या, की मन जागेवर येतं. हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल ही बाई रोज रडत बसली असेल. तसं नव्हतं. मी जेवत होते, झोपत होते, हळदीत नाचतही होते. फक्त माझ्या दुकानाच्या पायरीवर बसणाऱ्या बाईच्या डोळ्यांत सरळ बघत नव्हते.

ती भाजीवाली. निडी गावाच्या अंगाला डोंगरात एक कातकरी वाडी आहे, तिथली. साधारण माझ्याच वयाची. तिच्या टोपलीत जे असेल त्यावरून मला महिना कळतो. करवंदं, मग पहिल्या पावसाची शेवळं, मग कुर्डू, टाकळा अशा रानभाज्या, पुढे ओढ्यातल्या चिंबोऱ्या, दसऱ्याला आपट्याची पानं. टोपली रिकामी झाली की ती पायरीवरच पाय पसरून तंबाखू मळते आणि माझ्याकडे येणाऱ्या गिऱ्हाइकांची निरीक्षणं करते. एकदा एक नवरदेव फोटोला आला, तर मला आत ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, “याचा फोटो बाजूनी काढ गो, समोरून पोरगी पळंल.” नवरदेवही हसला.

तिचा नवरा वाडीचा म्होरक्या होता. म्होरक्या म्हणजे पुढारी नव्हे, भाषण वगैरे त्याला येत नाही. पण डोंगरावर कोण चढलं, कुठलं झाड तुटलं, हे पहिलं त्याला कळायचं आणि त्याने हाक मारली की माणसं निघायची.

भांडण त्या डोंगराचं होतं. कागदावर तो सरकारचा. वाडी म्हणायची आमचा, आमच्या बापजाद्यांनी तिथे नाचणी पिकवली, कंद खणले, मेलेले पुरले. खालचं गाव म्हणायचं ग्रामपंचायत आमची, वाडी आमच्या पंचायतीत, तेव्हा डोंगराचं काय करायचं ते आम्ही ठरवू. गावाने ठरवलं की तिथे दगडाची खाण होऊ द्यावी. हायवेच्या कामाला खडी लागत होती, गावातल्या पोरांनी डंपर घेतले होते. खाणीने डोंगराची एक बाजू खायला घेतली आणि त्या गडबडीत खैराची झाडंही जायला लागली. तेव्हा वाडीने आपली राखण बसवली. आमची ग्रामसभा वेगळी, आमचा डोंगर आम्ही बघतो, असं त्यांचं म्हणणं. घरटी एक माणूस, पाळीपाळीने, बायकासुद्धा. कमरेला कोयता, दोघा-चौघांच्या खांद्याला तीरकमठा, आणि म्हाताऱ्याची एक ठासणीची बंदूक, जिच्यात दारू कुणी कधी भरली होती ते म्हाताऱ्यालाही आठवत नव्हतं. त्यांनी दोन डंपर अडवले, एकाची हवा सोडली. गावात लगेच झालं, वाडीवाल्यांनी सेना काढली.

मला हे ऐकून हसू यायचं. मी मूळची पेणकडची, खाडीकाठची. आईबापांनी मिठागरात राबून आम्हाला वाढवलं. आमच्या खारजमिनीवर बाहेरचे लोक मोजणीला आले तेव्हा माझा बाप, काका, सगळी भावकी काठ्या आणि कोयते घेऊन बांधावर उभी होती. आमच्या घरी ती गोष्ट अभिमानाने सांगितली जायची. त्याला कुणी सेना म्हटलं नाही. लढा म्हटलं. तेव्हा वाडीची बाजू कळायला मला कुणी शिकवायची गरज नव्हती. म्हणजे मी जे केलं ते न कळून केलं, असं म्हणायची सोय मला नाही.

त्या काळात मी एका पेपरला अधूनमधून फोटो द्यायची. त्यांचा इथला बातमीदार आमच्या झेरॉक्सवर यायचा, त्याची ओळख. डोंगराच्या भांडणावर बोलणं करायला खाणीच्या काठावर बैठक ठरली. साहेब लोक येणार, ठेकेदाराची माणसं, खालचं गाव आणि वाडी. बातमीदार म्हणाला, चला वहिनी, आज फोटो होईल. त्याच्या मोटारसायकलवर बसून गेले. गाडी पायथ्याला लावली आणि तो बैठकीकडे गेला. मी म्हटलं, वरून सगळी माणसं एका फोटोत येतील, म्हणून पायवाटेने चढले.

वर वाडीच्या वाटेवर वाघोबाचं ठाणं आहे. एक उभा दगड, शेंदूर लावलेला, वर आईनाचं झाड. वाडीची रीत अशी, की भांडायला नव्हे तर बोलायला जायचं असेल तेव्हा अंगावर लोखंड ठेवायचं नाही. ते वाघोबापुढे ठेवायचं, येताना उचलायचं. तोवर देव सांभाळतो. ही रीत मला ठाऊक होती. भाजीवालीनेच कधीतरी पायरीवर बसून सांगितली होती. त्या दिवशी वाडीतली सगळी माणसं बोलायला खाली गेली होती आणि त्यांचे सगळे कोयते देवापुढे ठेवलेले होते. पाती आत, मुठी बाहेर, एकाशेजारी एक, गोल. मध्ये तीरकमठे आणि ती म्हाताऱ्याची बंदूक. झाडाच्या पानांतून ऊन पडलं होतं आणि पाती चमकत होती.

मी पुष्कळ फोटो काढले. दगडासकट, झाडासकट, मग जवळून.

संध्याकाळी दुकानात बातमीदार कॉम्प्युटरवर वाकून बघत होता. त्यातला एक फोटो त्याला फार आवडला, पण वर शेंदराचा दगड येत होता. तो म्हणाला, देव आला की बातमी मऊ पडते. कापायला त्याने मला सांगितलंसुद्धा नाही. मीच माऊस धरला आणि वरची कड खाली ओढली. दगड गेला, झाड गेलं, कोयत्यांचा गोलही अर्धा गेला. उरला तो लोखंडाचा ढीग. फोटो एकदम भारी दिसायला लागला. हे आज पहिल्यांदा लिहिते आहे, की मला त्या वेळी आनंद झाला होता. इतकी वर्षं हनुवट्या खाली करवून घेतल्यावर एक खरा फोटो हातून झाला, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी तो पहिल्या पानावर आला. खाली लिहिलं होतं, डोंगरात सापडलेला शस्त्रसाठा.

वाडीची माणसं रोज कमरेला कोयता लावून बाजारात फिरतात. एसटीत बसतात, बँकेत रांगेला उभी राहतात. त्याकडे कधी कुणी बघितलंही नाही. ते कोयते कमरेलाच राहिले असते तर काही झालं नसतं. सोडून देवापुढे ठेवले म्हणून त्यांची हत्यारं झाली. पोलिसांनी म्होरक्याला आणि आणखी काही जणांना उचललं. कोयते मुद्देमाल म्हणून जमा केले. काही आठवड्यांनी माणसं जामिनावर सुटली, कोयते सुटले नाहीत. त्या साली वाडीत शेत भाजायच्या राबासाठी फांद्या तोडायला पुरेसे कोयते नव्हते. एका घराचा राब तोडून झाला की तोच कोयता दुसऱ्या घरी जायचा. हे मला भाजीवालीने सांगितलं, तंबाखू मळत, जशी ती भाजीचा भाव पडल्याचं सांगते तशी.

मी तिला काही बोलले नाही. फोटोखाली माझं नाव नव्हतं. मी मनाशी म्हटलं, हिला माहीत नाही. तिच्या मुलीचे शाळेचे फोटो फुकट काढून दिले. शिष्यवृत्तीच्या फॉर्मला, जातीच्या दाखल्याला, लागतील तेवढे. उन्हाळ्यात थंड पाणी द्यायची, पावसात पायरीवर प्लास्टिक बांधून दिलं. नवरा म्हणायचा, “काय गो, सोयरीक जमवतेस का काय तिच्याशी?” मी म्हणायची, गरीब आहे बिचारी. हे म्हणताना जीभ जड व्हायची. पुढे पुढे तीही सवय झाली. पेपरचं काम मात्र मी सोडलं. बातमीदाराने दोन-तीनदा बोलावलं, मी म्हटलं कंबर दुखते.

अशी वर्षं गेली. केस पडून राहिली. खाण कधी चालायची, कधी बंद. वाडीने डोंगरावर सामूहिक वनहक्काचा दावा टाकला होता, तो कुठल्या कुठल्या टेबलांवरून फिरत शेवटी वरच्या समितीपुढे आला. खालच्या गावाने हरकत घेतली. या लोकांच्या ताब्यात डोंगर दिला तर हे हत्यारं घेऊन राज्य करतील, मागचा इतिहास बघा. आणि इतिहास म्हणून जोडला होता माझा फोटो.

हे मला कळलं ते असं. वाडीचं काम बघणारी एक तरुण वकील मुलगी झेरॉक्सला आली. कागद नवऱ्याच्या हातात दिले आणि स्टुलावर बसून भाजीवालीशी बोलत होती. नवरा एकेक कागद काचेवर ठेवत होता. पेपरचं कात्रण आलं तसा तो थांबला, माझ्याकडे बघितलं, मग झाकण लावलं. मशीनमधून तो फोटो बाहेर आला, आणखी काळा होऊन.

वकील मुलगी सांगत होती, की अडचण दोन आहेत. एक हा फोटो. दुसरी म्हणजे डोंगरावर वाडीची जुनी वहिवाट दाखवायची तर वाघोबाच्या ठाण्याचा पुरावा पाहिजे, आणि ती बाजू खाणीच्या मशीनने मागेच सपाट केली. म्हातारे तोंडाने सांगतील, पण समोरचे म्हणतात असा दगडच तिथे नव्हता. सुनावणी पुढच्या आठवड्यात होती. नाही जमलं तर दावा फेटाळणार आणि खाणीला उरलेला डोंगर मोकळा.

माझ्या कॉम्प्युटरला लावायची एक जुनी डिस्क कपाटात होती. तिच्यात त्या दिवसाचे सगळे फोटो होते. दगड, झाड, गोलात ठेवलेले कोयते. पुसून टाकायचं पुष्कळदा मनात आलं होतं, पण माझ्याच्याने कधी कुठला फोटो पुसवत नाही. लग्न मोडलेल्यांचेसुद्धा मी ठेवले आहेत.

ती डिस्क समितीपुढे न्यायची का, यावर घरी जेवताना नवऱ्याशी बोलणं झालं. त्याचं म्हणणं सरळ होतं. आपली निम्मी लग्नं खालच्या गावातली, डंपरवाल्यांच्या घरातली. तू समितीपुढे उभी राहिलीस की ती गेली. आणि लोक विचारतील, तेव्हा का नाही बोललीस. मी म्हटलं, तेच तर. त्याने भात कालवला. मग म्हणाला, जायचं तर जा, पण मला बरोबर येऊ नको म्हणू नको.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाजार ओसरल्यावर मी पायरीवर तिच्या शेजारी जाऊन बसले. मी पायरीवर कधी बसत नाही, त्यामुळे ती जरा सरकली आणि टोपली मध्ये घेतली. मी सांगितलं. तो फोटो माझा, दगड मी कापला, मूळचा माझ्याकडे आहे.

ती तंबाखू मळत राहिली. मग म्हणाली, “माहीत हाय.”

मला वाटलं वकील मुलीने सांगितलं असेल.

“त्या दिशी कोयत्यांजवळ कोन व्हता असा वाटतो तुला? देव सांभाळतो ते खरा, पन त्याला सोबत नको? मी व्हती करवंदीच्या मागं. तू आली, फोटो काढली. मी म्हनला बरा झाला, देवाचा फोटो निघाला. पेपरात बघला तर देवच नाय.”

मी विचारलं, मग इतकी वर्षं बोलली का नाहीस.

“आदी वाट बघली. तू पोरीचे फोटो फुकट काढला, तवा समजला का तुलापन समजलाय. मंग बोलून काय करू? माझा मानूस आत व्हता. त्याला सांगला असता तर तो तुझा दुकान फोडून परत आत गेला असता.”

“आणि पायरी का नाही सोडलीस?”

ती माझ्याकडे अशी बघायला लागली जशी मीच खुळी. “दुपारपर्यंत सावली असते हितं. रागानी उन्हात जाऊन बसू?”

मग तिने टोपली उचलली आणि निघताना म्हणाली की तिला सांगून काही भागायचं नाही, हे मी तिच्या माणसाला सांगावं. तो मला काय म्हणेल ते तिच्या हातात नाही.

मी गेले. नवऱ्याने गाडी काढली. वाडीत म्होरक्या अंगणात बांबू सोलत होता. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. त्याने काम थांबवलं नाही. बांबूची कांब संपली, त्याने दुसरी घेतली. बाकीचे लोक जमले होते. शेवटी त्याने विचारलं, सुनावणीला हेच बोलशील का, का तिथं कंबर दुखेल. मी पेपरचं काम सोडताना सांगितलेलं कारण त्याच्यापर्यंत कसं पोचलं होतं कुणास ठाऊक. मी म्हटलं, बोलेन. तो म्हणाला बरं. पाणी त्याने विचारलं नाही. ते भाजीवालीने आणून दिलं.

सुनावणीच्या दिवशी मी डिस्क, लॅपटॉप आणि मोठे प्रिंट घेऊन गेले. खोलीत खालच्या गावची ओळखीची तोंडं होती. त्यातल्या एकाच्या मुलीच्या हळदीचा अल्बम माझ्या दुकानात तयार होऊन पडला होता. साहेबांनी दोन्ही फोटो शेजारी ठेवले आणि बराच वेळ बघितले. मग विचारलं, हा फरक कुणी केला.

“मी.”

“कुणाच्या सांगण्यावरून?”

इथे मला वाट होती. बातमीदाराचं नाव घेता आलं असतं, तो आता या भागात नाहीही. मी म्हटलं, कुणाच्या नाही. फोटो चांगला दिसत होता म्हणून.

मागे कुणीतरी हसलं. वाडीतलं होतं की गावातलं, ते मी वळून बघितलं नाही. साहेबांनी लिहून घेतलं. मग म्हाताऱ्यांना बोलावून त्यांनी फोटोतला दगड दाखवला. बंदूकवाला म्हातारा काठी टेकत पुढे आला, प्रिंटवर बोट ठेवलं आणि आधी देव सोडून बंदूकच ओळखली. सगळी खोली हसली, गावातली माणसंसुद्धा. पुढचं बोलणं त्यानंतर जरा सोपं गेलं.

दावा मान्य झाला. सगळा नाही. खाणीने खाल्लेली बाजू अजून कोर्टात आहे, तिथे खड्ड्यात पाणी साठतं आणि वाडीची म्हसरं डुंबतात. उरलेला डोंगर वाडीच्या ग्रामसभेचा झाला. केसही मिटली, कोयते पोत्यातून परत आले, गंजलेले.

मला खालच्या गावाने वर्षभर लग्नाला बोलावलं नाही. तो हळदीचा अल्बम न्यायलासुद्धा कुणी आलं नाही, मीच देऊन आले. मग हळूहळू लोक परतले. त्यांनी कोलाडचा एक फोटोवाला धरला होता, तो सगळ्यांना पिठासारखं गोरं करून टाकायचा. एका आजीने तर आपला अल्बम माझ्यापुढे आपटला आणि विचारलं, यात मी कुठली ते दाखव. मला वाटलं होतं त्यापेक्षा कमी गेलं माझं. हे लिहितानाही जरा लाज वाटते, कारण त्यांचं पुष्कळ गेलं होतं.

म्होरक्या अजून माझ्याशी जेवढ्यास तेवढंच बोलतो. ग्रामसभेचा एक फोटो काढायला मला बोलावलं होतं, तेव्हा सगळ्यांदेखत म्हणाला, “बाय, या टायमाला माझा डोका ठेव.” लोक हसले. तो हसला नाही. मी फोटो काढला, सगळ्यांची डोकी ठेवून.

यंदा शेवळं निघाली तेव्हा नवऱ्याला भाजी खायची होती आणि भाजीवाली दोन दिवस आली नव्हती, मुलीच्या सासरी गेली होती. मला डोंगराच्या वाटा आता माहीत झाल्या आहेत. सकाळीच पिशवी आणि उलथनं घेऊन गेले. एका बांधाच्या कडेला चांगली निघाली होती. चार-पाच उपटली असतील तोच वर कुणी उभं असल्याचं जाणवलं. म्होरक्या होता. राखणीची पाळी त्याची. कमरेला कोयता, हातात काही नाही.

“कोनाला विचारला?”

मी म्हटलं, कुणाला नाही.

“शेवळा आदी वाडीच्या बायकांची. मंग बाकीच्यांची. ग्रामसभेत ठरलाय.” तो बांधावरून खाली उतरला. “तू सभेचा फोटो काढला, त्याच दिशी ठरला. तू व्हतीस तिथं.”

होते. मी लेन्स बदलत असणार. मी पिशवी त्याच्यापुढे केली. त्याने आत बघितलं, शेवळं काढून घेतली आणि पिशवी नीट घडी करून मला परत दिली. म्हणाला वाडीत जा, बाया बसल्यात, त्यांना विचार. त्या व्हय म्हनल्या तर ये.

मला वाईट वाटेल असं त्याला वाटलं असेल तर तसं झालं नाही. दुसरं कुणी असतं तर त्याने हेच केलं असतं, ना जास्त ना कमी. मी पिशवी काखेत मारली आणि विचारायला वाडीच्या वाटेने निघाले. मागून त्याने ओरडून सांगितलं की काकडाची आंबट फळं पण मागून घे, नाहीतर शेवळं घशाला खाजतील.